निळं तीर्थ

सगुणाबाईला किळस फार. धावडा गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. दुधात माशी दिसली तर ती दूध टाकायचीच, पण ज्या भांड्यात ते दूध होतं ते घासूनघासून चकचकीत केल्यावरही त्याच्याकडं बघताना तिचं नाक वर जायचं. पंगतीत शेजारची बाई भुरके मारत कढी प्यायला लागली की हिचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. बायका मुद्दाम हिच्यासमोर नको त्या गोष्टी काढायच्या, कुणाच्या कानातून काय निघालं, कुणाच्या लोणच्यात काय वळवळलं, आणि ही पदर तोंडाला लावून उठली की खिदळायच्या. नवरा कडूबा म्हणायचा, हिला देवानं नाक जरा जास्तीचंच दिलं. तर अशा बाईच्या घरात ती घाण आली, आणि आली ती थेट देव्हाऱ्यात जाऊन बसली. आता काय म्हणावं याला.

झालं असं. वैशाखाचे दिवस होते. पावसाळ्याआधी घराच्या माळवदावर, मातीच्या छतावर, नवी माती टाकायची म्हणून तिचा लेक भुजंग गाडी जुंपून पांढरीवर गेला. पांढरी म्हणजे गावाबाहेरचा मोठा ढिगारा, कधीकाळी उठून गेलेल्या जुन्या गावाचा. त्या मातीतून पाणी झिरपत नाही, म्हणून सगळं धावडा माळवदासाठी माती तिथूनच आणायचं, आणि मातीबरोबर खापरं, बांगड्यांचे तुकडे, हाडकं येतील ती वेचून फेकून द्यायचं. भुजंगाच्या कुदळीला एक मडकं लागलं. मडकं फुटलं आणि आतून गोळा निघाला, एकाला एक चिकटलेल्या चकत्यांचा. त्यानं तो धोतराच्या सोग्यात बांधला आणि घरी आणून चुलीपासून हातभर अंतरावर ठेवला. पोरं लग्नाची झाली तरी अक्कल येत नाही ती अशी.

सगुणाबाईनं वाकून बघितलं आणि पदर नाकाला लावला. गोळ्यावर निळी, जाड, खडबडीत पुटं चढली होती. कुठं मोरचुदाचा गडद निळा रंग, कुठं डबक्यातल्या शेवाळाचा हिरवा, आणि मधेमधे चुनखडीचे पांढरे थर, पाखरं शिटल्यासारखे. फटींमधून काळी ओलसर माती गळत होती. वासही होता त्याला. बुजलेली विहीर उपसताना जो येतो तो.

"उकिरड्यावर टाक ते," ती म्हणाली. "आन् हात धुतल्याबिगर चुलीकडं येऊ नको."

"माय, तांबं हाय त्यात."

"तांबं असंल न्हाई तर सोनं. खरूज झालेली वस्तू म्या घरात ठिवणार न्हाई."

ती नाणी होती. रोमच्या बादशहाची. दोन हजार वर्षांमागं समुद्रापलीकडचे सौदागर आपल्या मुलखात कापड आणि मणी न्यायला यायचे, त्यांच्यापैकी कुणाची तरी ती इथं राहिली असावीत. हे आपण आज सांगतो. त्या वेळच्या धावड्यात रोम म्हणजे खायचं की ल्यायचं, कुणाला पत्ता होता? राज्य निजामाचं, कनवटीला निजामाचा हाली शिक्क्याचा रुपया, आणि डोंगर उतरून बुलढाण्याकडच्या बाजाराला गेलं तर तिकडचा इंग्रजी कलदार रुपया. यापलीकडं नाणं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. आणि त्या चकत्यांवर पुटं अशी बसली होती की त्या नाणी आहेत हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता.

कडूबा शेतातून आला. बायको एका बाजूला नाक धरून उभी, लेक दुसऱ्या बाजूला गोळा घेऊन उभा. त्यानं गोळा अंगणात नेला, दगडानं ठोकून चकत्या सुट्या केल्या आणि म्हणाला, आंबट ताकात टाकून बघू, खरंच तांबं हाय का. शिंक्यावर कालचं ताक होतं. चकत्यांतली सगळ्यात मोठी, सगळ्यात निळी चकती त्यानं वाडग्यात सोडली.

थोड्या वेळानं चकतीच्या अंगावरून बारीक बारीक बुडबुडे वर यायला लागले. आंबटात चुनखडी पडली की ती फसफसते, यात नवल ते काय. पण कडूबा वाडग्यावर असा वाकला की त्याची पगडी ताकात पडायची राहिली. बुडबुडे येत राहिले, आणि हळूहळू पांढरं ताक चकतीभोवती निळसर व्हायला लागलं.

"श्वास घेऊन राह्यलाय," कडूबा हळूच म्हणाला.

"कोण?" सगुणाबाईनं विचारलं.

"निळकंठ." त्यानं डोक्यावरची पगडी काढून बाजूला ठेवली. "जहर पिऊन निळा झाला त्यो. मातीत झोपला होता. आपल्या घरी जागा झाला."

सगुणाबाईला हसू आलं असतं. पण त्याच वेळी कडूबानं मान वळवून सुनेकडं बघितलं, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

सून पुष्पा दारात उभी होती. टेंभुर्णीची लेक, अंगानं किडकिडीत, बोलायला गरीब. तिला पाचवा महिना लागत होता. आधीचं एक पाचव्यातच गेलं होतं, त्या वेळी ती आठवडाभर भिंतीकडं तोंड करून पडून होती, आणि सगुणाबाई तिच्या तोंडात चमच्यानं पेज घालत होती. तेव्हापासून घरात पाचवा हा शब्द कुणी काढत नव्हतं. सगुणाबाईला दुसरं काही नको होतं. ही पोर सुखरूप बाळंत व्हावी, एवढंच.

"हिच्यासाठीच आलाय," कडूबा म्हणाला. "पयलं गेलं. हे त्यो राखणार."

झालं. चकत्या देव्हाऱ्यात गेल्या. तिथं घरचे चांदीचे टाक होते, खंडोबाचा, भवानीचा, वाडवडलांचा, स्वच्छ, सगुणाबाईनं दर सणाला रांगोळीनं घासून उजळवलेले. त्यांच्या मांडीला मांडी लावून ही खरजुली मंडळी बसली. कडूबानं नेमच लावला. संध्याकाळी तांब्याच्या ताम्हनात दूध, दही, तूप, मध, साखर घालायची, त्यात देव बुडवून ठेवायचे, आणि सकाळी तेच पंचामृत घरातल्या सगळ्यांनी तीर्थ म्हणून घ्यायचं.

पहिल्या सकाळी कडूबानं पळीभर तीर्थ बायकोच्या तळहातावर घातलं. वैशाखातलं रात्रभराचं दही, फुटलेलं. वर तुपाचा तवंग, तवंगात मेलेला एक डास, आणि खाली फिकट निळं-हिरवं पाणी. सगुणाबाईनं डोळे मिटले आणि तोंडात घेतलं. जिभेवर पडताच तिला कळलं. सारी जीभ एकदम आकसली, दातांच्या मुळाशी झिणझिण्या आल्या, तोंडाला पाणी सुटलं ते थांबेना. ही चव तिला चांगली ओळखीची होती. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी राहिली की हीच चव येते. अशी आमटी ती म्हशीच्या आंबोणातही घालत नसे.

तीर्थ थुंकता येत नाही. गिळायला तर तिचा घसा तयार नव्हता. तोंड मिटून ती मागच्या दारानं गोठ्यात गेली, शेणाच्या पाटीत थुंकली, खळखळून चुळा भरल्या आणि परत आली.

"हे कळकलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "पोटात गेलं तर ढाळ लागतील. पोटुशी पोरगी हाय घरात."

"तीर्थ कळकत न्हाई," कडूबा म्हणाला.

"दही हाय ते. तांब्यात ठिवलं की कळकणारच. तुमाला कल्हई उडालेल्या भगुन्यात कढी केली तर चालंल का?"

"कढी येगळी, तीर्थ येगळं. आमच्या आज्यापासून देवाचं ताम्हन तांब्याचंच हाय. देवाच्या भांड्याला कोणी कल्हई केलेली ऐकली का तू?"

खरंच कुणी करत नाही. एरवीचं तीर्थ सकाळी करायचं आणि सकाळीच संपायचं, ते कळकायला वेळच नसायचा. पण हे सांगायला गेली तर कडूबाचं एकच, तीर्थ कळकत न्हाई. ज्या घरात कळकलेल्या ताकाचा थेंब कुणी जिभेवर घेतला नसता, त्या घरात सकाळी सगळे हात पुढं करून तेच पीत होते, का तर त्याचं नाव तीर्थ. कडूबा स्वतः मिटक्या मारत प्यायचा, उरलेला ओला हात डोक्यावरच्या विरळ केसांना पुसायचा, आणि दिवसभर त्या केसांवर माशा बसायच्या. सगुणाबाई त्याला जेवायला वाढताना दुसरीकडं बघायची.

पुष्पाला उलट्या सुरू झाल्या. तीर्थ घेतलं की घटकाभरात ती मोरीत धावायची. उलटीला हिरवट झाक असायची. शेजारची गोजरबाई, जिला प्रत्येक घरातल्या मोरीत काय चाललंय हे माहीत असायचं, ती म्हणाली, डोहाळे हायेत. सगुणाबाई म्हणाली, पाचव्या म्हयन्यात कसले डोहाळे, तिचे डोहाळे तिसऱ्यातच सरले. गोजरबाई म्हणाली, मंग पोरगा हाय. अशा बाईशी बोलून काय उपयोग.

गोजरबाईच्या तोंडून गोष्ट गावात गेली आणि गावातून बाहेर. देव बुडबुडे सोडतो, देव दूध निळं करतो. माणसं यायला लागली. आधी आळीतली, मग पार टेंभुर्णीपासून. सोमवारी तर अंगण भरायचं. सगुणाबाई दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघायची आणि तिचा जीव नुसता आंबायचा. कुणी पळी तोंडाला लावायचं, तीच पळी परत ताम्हनात. कुणाच्या दाढीवरून थेंब गळायचे ते दुसरा बोटानं टिपून चाटायचा. एका म्हातारीनं देव हातात मागून घेतला, त्याची निळी खपली नखानं काढली आणि आपल्या सुनेच्या दुखऱ्या डोळ्यात घातली. एक जण आपल्या खरजेला लावून तसाच उष्टा-खरकटा देव परत ताम्हनात ठेवून गेला. त्यावर आणखी दही. वैशाख सरून जेठ लागला होता, ऊन कडकडीत, आणि ताम्हनातला वास ओसरीवर आल्याआल्या नाकात घुसायचा. बुळबुळीत सारवण, चिकट उंबरा, माशांचं मोहोळ. तिचं घर होतं ते. ज्या घरात केस सापडला म्हणून भाकरी टाकली जायची, ते घर.

पण ही किळस ती गिळून बसलीही असती. पुष्पाचं काय? पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं. एक दिवस ती पोट धरून जात्याजवळ खाली बसली, आणि सगुणाबाई हातातलं टाकून तिच्याकडं धावली. मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं. कळ थांबली, पण तिनं लेकाला गोठ्यात गाठलं.

"तुझ्या बायकोला मोरचूद पाजून राह्यलेत. जनावराच्या खुराला लावतो आपण, ते. तू सांग तुझ्या बाला."

भुजंगानं मान खाली घातली. "बाला कसं सांगू, माय? लोकं पाया पडून राह्यलेत त्येच्या."

"मंग बायको मेल्यावर सांगशीन का?"

तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आपण कसला लेक जन्माला घातला, असं तिच्या मनात आलं, आणि ती निघून आली. मग तिनं पुष्पालाच शिकवलं, तोंडात धर आन् गोठ्यात जाऊन थुंक. पोरगी घाबरून म्हणाली, आत्याबाई, तीर्थ थुंकलं आन् पोराला काही झालं तर? मागच्या वेळी म्या उपास मोडला होता, म्हून गेलं. उपासाचं ते सगुणाबाईनंच तेव्हा रागाच्या भरात म्हटलं होतं.

पुढचा सोमवार आला. अंगण भरलेलं. कडूबा पाटावर बसून पळीनं तीर्थ वाटत होता, अंगावर उपरणं, चेहऱ्यावर संतपणा. पुष्पा रांगेत पुढं सरकत होती. ती पोचायच्या आत सगुणाबाई ओसरीवरून उतरली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"आज मला द्या पयलं."

"घे की." कडूबा खूश झाला. त्यानं पळी उचलली.

"पळीनं नगं."

तिनं वाकून अख्खं ताम्हन उचललं आणि तोंडाला लावलं. एक घोट, दुसरा घोट. गुठळ्या जिभेवरून घसरत गेल्या, तवंग ओठांना चिकटला, एक चकती दातावर आपटली. तिचं सगळं अंग नको नको म्हणत होतं. तरी ती पीत राहिली. ताम्हन रिकामं झालं, तळाला निळ्या चकत्या आणि गाळ. ते तिनं नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळ्यांकडं तोंड करून उभी राहिली.

"बघा आता," ती म्हणाली. "काय हुतंय ते डोळं उघडं ठिवून बघा. मंग घ्या तीर्थ."

फार वेळ लागला नाही. पोटातून पीळ वर आला, घाम फुटला, आणि धावड्याची नाक मुरडणारी सगुणाबाई भर अंगणात, चार गावच्या माणसांसमोर गुडघ्यांवर बसून ओकली. निळं ओकली, हिरवं ओकली, शेवटी नुसतं पित्त. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, लुगड्याचा पदर त्यात लोळलेला. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. पण मनातून तिला बरं वाटत होतं. आता तरी दिसलं असेल. आता कुणी ते तोंडाला लावणार नाही.

तिनं मान वर केली. गोजरबाई हात जोडून उभी होती.

"पाप पडलं गं," गोजरबाई म्हणाली. "आतलं सगळं निळं पाप भायेर काढलं देवानं. लई नशिबाची तू."

लोकांनी माना डोलावल्या. बाप्ये कपाळाला हात लावून नमस्कार करायला लागले. मागून कुणी म्हणालं, आमाला बी थोडं जास्तीचं द्या, कडूबा. एक बाई पुढं सरकून त्या ओकारीतली माती चिमटीत घ्यायला वाकली. सगुणाबाईला वाटलं, आपल्याला वेड लागतंय की यांना.

आणि मग तिला पुष्पा दिसली. पोरगी तिच्यासमोर बसली होती, हाताचा खोलगा पुढं करून. इतके दिवस भीत भीत, तोंड वाकडं करून घेणारी पुष्पा आता स्वतः मागत होती. तिचे डोळे चमकत होते.

"मामंजी, मला बी तेवढंच द्या," ती म्हणाली. "आत्याबाईचं पाप गेलं. माझं बी जाऊ द्या. मंग माझं लेकरू ऱ्हाईल."

सगुणाबाई उठली. तिनं तोंड पुसलं नाही, पदर झटकला नाही. सरळ ताम्हनात हात घातला, मोठी निळी चकती मुठीत धरली आणि भांडी घासायच्या दगडाकडं चालायला लागली.

"कुठं नेऊन राह्यली?" कडूबा पाटावरून उठला.

"उजळवायला," ती न वळता म्हणाली. "म्हयना झाला घरात येऊन. घरातले टाक दर सणाला उजळवते म्या. ह्या देवाला काहून मळका ठिवायचा? देव उजळवू नये असं कोणी सांगतं का?"

कुणी सांगत नव्हतं. देव उजळवणं हे घरच्या बाईचं काम, त्यात आड यायची कुणाची छाती. कडूबा उघड्या तोंडानं बघत राहिला. उलट बायका कौतुकानं दगडाभोवती गोळा झाल्या. गोजरबाईनं तर स्वतः घरातून चिंचेचा गोळा आणून दिला.

सगुणाबाईनं चिंच लावली, राख घेतली, विटेची भुकटी घेतली आणि घासायला बसली. हातांत महिनाभराचा संताप होता. ती जणू त्याचं कातडंच सोलत होती. दह्याताकात भिजून पुटं आधीच ढिली झाली होती, निळ्या खपल्या निघून पाटीत पडायला लागल्या, पांढरे थर सुटले, हिरवा लगदा बोटांतून ओघळला. तिला ओकारी येत होती आणि ती घासत होती. खालून तांबं दिसायला लागलं, लालसर. मग तांब्यावर उंचवटा दिसला. मग त्या उंचवट्याला नाक आलं.

बायका आणखी वाकल्या.

नाकामागून गाल आला, हनुवटी आली, जाड मान आली. डोक्यावर कुरळे केस आणि त्यांत पानांची पट्टी. ना जटा, ना चंद्र, ना गळ्याला साप. एका अंगानं दिसणारं, दाढी-मिशी घोटलेल्या माणसाचं गुळगुळीत तोंड, आणि भोवती गोल फिरलेली कसलीशी अक्षरं. सगुणाबाईनं त्यावर पाणी ओतलं आणि चकती उंच धरली.

मग गोजरबाईच म्हणाली, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी, "हे तर कलदारवरचं तोंड हाय."

टेंभुर्णीच्या एका माणसाचा बुलढाण्याकडं सरकीचा धंदा होता. त्यानं कनवटीचा कलदार रुपया काढला आणि दोन्ही शेजारी धरले. तसंच एका अंगाचं तोंड, तशीच कापलेली मान, तशीच गोल अक्षरं. त्यावर मुकुट, ह्यावर पानं, एवढाच काय तो फरक. तो माणूस तोंड फिरवून म्हणाला, "इंग्रजांचा राजा हाय हा. त्याच्याच कुळातला कुणीतरी."

"गोमांस खाणारा," मागून एक जण म्हणाला.

"त्येच्या आंघोळीचं पाणी पेलो आपण."

आणि मग जे झालं ते सांगायला नको, पण सांगतो. गोजरबाईला पहिली उबळ आली. तिच्या शेजारणीला दुसरी. बघता बघता सगळं अंगण वाकलं. बाप्ये भिंतीला हात टेकून घशात बोटं घालत होते, बायका पदर चावत होत्या, कुणी थुंकत होतं, कुणी राखेनं जीभ घासत होतं. ज्या तीर्थानं महिनाभर पुष्पाखेरीज कुणाला मळमळलं नाही, निदान कुणी कबूल केलं नाही, ते आज ज्यांनी पळीभरही घेतलं नव्हतं त्यांनाही ओकायला लावत होतं. म्हातारीनं सुनेचे डोळे धुवायला तिला फरफटत आडावर नेलं. अंगण रिकामं झालं तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नव्हती.

सगुणाबाई मधोमध उभी होती. सासर-माहेर मिळून तिनं आयुष्यात जेवढी घाण बघितली नव्हती तेवढी एका दुपारी बघितली. जहर पोटात जात होतं त्याची यांना किळस नव्हती, ती आली एका तोंडाची. जाऊ द्या, ती मनात म्हणाली, कशानं का होईना, सुटलो. तिनं पुष्पाचा हात धरून उठवलं.

कडूबा अजून पाटाजवळ होता. त्यानं उपरणं काढून फेकलं होतं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. चकत्या त्यानं काठीनं ढकलून ढकलून अंगणाबाहेर काढल्या, हात लावला नाही. मग त्याची नजर पुष्पावर गेली आणि तिथंच थांबली. आधी तोंडावर, मग पोटावर.

"हिला टेंभुर्णीला घालून ये," तो भुजंगाला म्हणाला.

भुजंगाला कळलं नाही. "आता? उन्हाचं?"

"म्हयनाभर पेलीय ती. पोटातलं पोर त्याच्यावरच वाढलंय. बाटलेलं पोर ह्या घरात जन्माला येणार न्हाई." तो बोलता बोलता चूळ भरून थुंकला. "बाळंतपण तिकडंच होऊ द्या. मंग बघू. आन् आजपासून हिच्या हातचं पाणी मला चालणार न्हाई."

पुष्पानं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि भिंतीशी सरकून उभी राहिली. भुजंग बैलांकडं बघत होता, जावं की न जावं असा.

सगुणाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तीस-पस्तीस वर्षं तिनं या माणसाचं खरकटं काढलं, त्याच्या तापातल्या उलट्या धुतल्या, त्याच्या पायाला झालेलं नासूर गरम पाण्यानं साफ केलं. माशा बसलेल्या केसांकडं तिनं बघायचं टाळलं, तेवढंच. त्याची स्वतःची शिसारी तिला कधी आली नव्हती. ती आत्ता आली, आणि पोटातलं सगळं निघून गेलेलं असतानाही तिला परत मळमळलं.

"भुजंगा, गाडी जुंपू नको," ती म्हणाली. "पुष्पे, आत जा. भाकरी हाय टोपल्यात, ठेचा हाय. जेव."

"म्या काय म्हनलो, ऐकू न्हाई आलं का तुला?" कडूबानं विचारलं.

"आलं की. तुमचं बराबर हाय. बाटलेला माणूस घरात नगं." तिचा आवाज साधा होता, बाजारहाट सांगावी तसा. "पण पयली पळी तुमी घेत होता. आन् शेवटचं ताम्हन बी तुमीच चाटत होता. पुष्पानं तुमच्यामागं घेतलं. तवा आधी तुमी बाटला, मंग ती."

कडूबाचा हात डोक्यावरच्या केसांकडं गेला.

"म्या तर अख्खं ताम्हन पेले, माझं बी ऱ्हायलं न्हाई काही. पण म्या सुनेच्या पंगतीला बसणार हाय, आमी दोघी बाटक्या एका ताटात जेवू. तुमाला ते चालणार न्हाई. तवा तुमी भायेरच बसा."

ती आत गेली. पुष्पाच्या ताटातली भाकरी मोडून तिनं एक घास घेतला आणि सुनेच्या गळ्याकडं बघत बसली, दुसरा घास पोटात राहतो का, तिसरा राहतो का. राहत होता. महिन्यात पहिल्यांदा राहत होता. मग ती एका द्रोणात भाकरी आणि ठेचा घेऊन उठली, आणि दारी आलेल्या परक्याला वाढतात तसं ते अंगणाच्या कडेला, गोठ्याच्या अलीकडच्या दगडावर ठेवून आली. कडूबानं बराच वेळ त्याकडं बघितलं नाही. जेठाचं ऊन होतं, ओकून घसा सोलला होता. शेवटी तो म्हणाला, "पाणी तरी दे."

"पुष्पे," सगुणाबाई आतूनच म्हणाली, "त्यांना पाणी दे. तांब्याला हात लावू देऊ नको, वरून वत."

पुष्पा तांब्या घेऊन अंगणात आली. सासऱ्यापुढं उभी राहिली, पण तिचा हात धजेना. कडूबानं दाराकडं बघितलं. तिथं सगुणाबाई उभी होती, तोंडाला पदर लावून. त्यानं पुष्पाकडं बघितलं नाही. तो उकिडवा बसला, मान खाली घातली, आणि त्यानं ओंजळ पुढं केली.